न जुळलेल्या नोंदी

फाल्गुन संपत आला होता. काजूच्या बागांतून पिकल्या बोंडांचा वास सुटला होता आणि शाळेत वार्षिक परीक्षेची धांदल चालू होती. अशा एका दुपारी एक आजीबाई माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद होते. नववीत शिकणाऱ्या त्यांच्या नातीची शिष्यवृत्ती बँकेत जमा झाली नव्हती. चौकशीसाठी त्यांची ही तिसरी खेप होती आणि प्रत्येक खेपेला बागेतील एका दिवसाची मजुरी बुडत होती. मी त्यांच्यादेखत संबंधित कार्यालयाला दूरध्वनी केला. पलीकडून नम्र उत्तर आले, ‘यंत्रणेने नोंद स्वीकारली नाही.’ मी ते आजींना सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग आमच्या पेडण्याच्या बोलीत एवढेच म्हणाल्या, की सर, नको म्हणणाऱ्याचे नाव तरी सांगा, मी त्याला जाऊन भेटते.

मी मराठी साहित्याचा विद्यार्थी. आयुष्याची तीसएक वर्षे व्याकरण आणि निबंध शिकविण्यात गेली. संगणकाशी माझा संबंध शाळेचे तक्ते भरण्यापुरता. परंतु आजींच्या त्या साध्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली. पुढील काही महिन्यांत ह्या विषयात मी जे समजून घेतले, ते येथे वाचकांपुढे मांडीत आहे. कारण हा प्रश्न एकट्या तुये गावाचा नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आणि आपले नाव परक्या लिप्यांत, परक्या उच्चारांत लिहून घेत आलेल्या प्रत्येक मराठी घराचा तो आहे.

कीर्द, खतावणी, ताळेबंद

निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या नोंदी आपोआप एकत्र आणण्याचे जे तंत्र आज संगणकावर रूढ झाले आहे, त्याला ‘डेटा इंटिग्रेशन’ म्हणतात. आपण त्याला नोंदींचा मेळ म्हणू. वस्तुतः ही कल्पना आपल्याला मुळीच नवी नाही. जुन्या मराठी हिशेबपद्धतीत दिवसाचा व्यवहार आधी कीर्दीत उतरे. कीर्दीतून तो खातेवार खतावणीत जाई. खतावणीवरून तेरीज निघे आणि वर्षाअखेर ताळेबंद तयार होई. एका वहीतून मजकूर उचलावा, तो ठरल्या रीतीने नीटनेटका करावा आणि दुसऱ्या वहीच्या योग्य रकान्यात उतरवावा, एवढीच ही तीन कामे. संगणकाच्या परिभाषेत ह्यांनाच ‘एक्स्ट्रॅक्ट, ट्रान्सफॉर्म, लोड’ अशी नावे आहेत. फरक इतकाच, की तेव्हा लेखणी कारकुनाच्या हाती असे; आता माणसाने आपले नियम एकदा लिहून द्यावयाचे आणि यंत्राने ते रोज, न थकता, पाळावयाचे.

ह्या कामाची सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत. १९९३ साली अमेरिकेत स्थापन झालेली इन्फॉर्मॅटिका ही कंपनी ह्या क्षेत्रातील जुन्यांपैकी एक. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने स्वतःच्या उपयोगासाठी बनविलेले आणि २०१४ साली सर्वांना खुले करून दिलेले ‘नायफाय’, त्याच वर्षी एअरबीएनबी कंपनीत जन्माला आलेले ‘एअरफ्लो’, आणि जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठात तयार झालेले ‘नाइम’, ही तर विनामूल्य मिळतात. बड्या बँका आणि सरकारी खाती ह्या जातीच्या साधनांवर चालतात. परंतु एखाद्या खेड्यातील शाळेलाही ती वापरण्यास आडकाठी नाही.

माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात हेच काम करतो. चतुर्थीला तो गावी आला, तेव्हा मी त्याच्यापुढे आजींची हकीकत ठेवली. त्याने लॅपटॉप उघडून ‘नाइम’ दाखविले. पडद्यावर लहान लहान चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. एक चौकट यादी वाचते, दुसरी नावांतील जादा मोकळ्या जागा काढते, तिसरी दोन याद्या जोडते, चौथी निकाल लिहिते. प्रत्येक चौकटीखाली रस्त्यावरच्या सिग्नलसारखे दिवे. लाल म्हणजे चौकटीला अजून सूचना मिळालेल्या नाहीत, पिवळा म्हणजे ती तयार आहे, हिरवा म्हणजे काम पार पडले. “सर, हे तुमच्या वाक्यरचनेसारखेच आहे,” तो म्हणाला. “पदांचा क्रम बिघडला, की अर्थ बिघडतो.”

सण आटोपल्यावर आम्ही शाळेचे कार्यालय उघडले. मुलांची माहिती शाळेबाहेर जाऊ नये म्हणून सर्व काम शाळेच्याच संगणकावर केले. याद्या तीन घेतल्या : जनरल रजिस्टरवरून टंकलेली नावे, ‘युडायस प्लस’मध्ये भरलेली विद्यार्थ्यांची यादी आणि मुलांच्या बँक खात्यांची यादी. शिक्षणक्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे, की ‘युडायस’ ही देशभरच्या शाळांची माहितीव्यवस्था २०१२-१३ साली प्राथमिक व माध्यमिक स्तरांच्या दोन जुन्या व्यवस्था जोडून तयार झाली. २०१८-१९ पासून ती ‘युडायस प्लस’ ह्या नव्या रूपात आली आणि २०२२-२३ पासून तीत नुसता पट न भरता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. पूर्वी ‘नववीत मुली इतक्या’ असे लिहिले की भागत असे. आता प्रत्येक मुलीचे नाव लिहावयाचे, आणि तेही दोनदा : एका रकान्यात शाळेच्या नोंदीप्रमाणे, दुसऱ्यात आधारपत्राप्रमाणे.

आम्ही तिन्ही याद्या जोडल्या. पडद्यावर दोन कप्पे भरले, एक जुळलेल्या नोंदींचा आणि दुसरा न जुळलेल्यांचा. दुसरा कप्पा आम्हांला वाटले होते त्याहून पुष्कळच भरला. आजींची नात त्यातच होती.

एक आडनाव, अनेक वळणे

तिचे आडनाव परब. आमच्या रजिस्टरात ते देवनागरीत तसेच आहे. जन्मदाखल्यावर आणि आधारपत्रावर मात्र ते रोमन लिपीत पी-ओ-आर-ओ-बी असे आहे. आमच्या शाळेत यादी टंकताना ते पी-ए-आर-ए-बी असे झाले. दोन्ही वळणे बरोबर, दोन्ही प्रचारातली. वाचणाऱ्या माणसाला ते एकच आडनाव दिसते. यंत्राला दोन भिन्न माणसे दिसतात. अर्ज शाळेच्या वळणाने पुढे गेला आणि आधारपत्राच्या वळणापाशी अडला. अडलेल्या नोंदींची यादी कोठेतरी तयार झाली असेलच, परंतु ती उघडून पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते. मुदत टळून गेली. आमच्या शाळेतून गेलेल्या त्या यादीखाली मुख्याध्यापकाची सही होती. ती माझी होती.

हा घोटाळा आमच्या भागात का व्हावा, ह्याला इतिहास आहे. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथे त्यांचा अंमल राहिला. त्यांच्या लेखनपद्धतीत ‘क’साठी ‘सी’ किंवा ‘क्यू-यू’ येई, ‘श’साठी ‘एक्स’ येई, आणि आपला ऱ्हस्व ‘अ’ अनेकदा ‘ओ’ होऊन बसे. कामतांचे ‘कामोतिम’ झाले, प्रभूंचे ‘पोरोबो’ झाले, रामचंद्राचा ‘रामचोंद्र’ झाला, आणि नाईकांच्या शेवटी ‘क्यू-यू-ई’ अशी तीन अक्षरे आली. १९६१ नंतर इंग्रजी वळण आले. पण जुने गेले नाही. एकाच घरात आजोबांच्या जन्मनोंदीत एक रूप, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात दुसरे आणि नातवाच्या आधारपत्रात तिसरे, असे सर्रास आढळते. आमच्या गावाचीही तीच गत. आम्ही म्हणतो तुये. रोमन लिपीत ते पोर्तुगीज धाटणीने ‘एम’ ह्या अक्षरावर संपते.

गोव्याबाहेरच्या वाचकांनी आपापल्या घरात डोकावून पाहावे. ग्वाल्हेरचे शिंदे इंग्रजीत ‘सिंदिया’ झाले आणि त्यांच्या रोमन नावात ‘एस’पाठोपाठ ‘सी’ शिरले. बडोद्याच्या गायकवाडांचे रोमन लेखन पुण्याच्या गायकवाडांहून वेगळे. तंजावरकडील मराठी घरांत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे आणि ‘राव’ मागे, अशी रीत पडली आहे. तेथे यंत्राने आडनावाच्या रकान्यात काय शोधावे? सावंतांचा ‘व’ एका कागदावर एकेरी ‘व्ही’ने तर दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ने. लग्नानंतर मुलीचे आडनाव तर बदलतेच, कित्येक घरांत नावही बदलते. आणि ज्या आजोबांची जन्मतारीख मास्तरांनी शाळेत घालताना १ जून अशी ठोकून दिली, त्यांच्याविषयी काय बोलावे! हे सारे आजवर चालून गेले, कारण कागद पाहणारा माणूस ‘हे तेच’ असे म्हणून पुढे जात असे. ते ‘हे तेच’ म्हणणे हेच आता यंत्राकडे गेले आहे.

यंत्राला ‘जवळपास’ शिकविणे

मग यंत्राला ‘हे तेच’ म्हणावयास शिकविता येणार नाही काय? येते, आणि त्याचे प्रयत्न संगणकाहूनही जुने आहेत. रॉबर्ट रसेल ह्या अमेरिकन गृहस्थाने १९१८ साली उच्चारावरून नावे लावण्याच्या एका पद्धतीचे पेटंट घेतले. तीच पुढे ‘साउंडेक्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. नावाचे पहिले अक्षर ठेवावयाचे, स्वर गाळावयाचे आणि उरलेल्या व्यंजनांना गटवार अंक द्यावयाचे. ह्या रीतीने पी-ए-आर-ए-बी आणि पी-ओ-आर-ओ-बी ह्या दोन्हींचा संकेत ‘पी ६१०’ असा एकच येतो. आम्ही ही चौकट बसविली आणि आजींची नात चटकन जुळली. मला वाटले, काम झाले.

पण विद्यार्थ्याने हसून आणखी दोन नावे टंकली. ‘प्रभू’ ह्या नावाचा संकेतही ‘पी ६१०’ आणि ‘पोरोबो’चाही तोच. म्हणजे परबांची शिष्यवृत्ती प्रभूंच्या खात्यात जाण्याची वाट आम्ही मोकळी करून ठेवली होती! उलट कामत आणि कामोतिम हे खरोखर एकच. पण एकाचे पहिले अक्षर ‘के’ आणि दुसऱ्याचे ‘सी’, म्हणून ह्या पद्धतीत त्यांची कधी गाठच पडत नाही.

दुसरी पद्धत व्लादिमीर लेव्हेनश्टाइन ह्या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडलेल्या कल्पनेवर आधारलेली. एका शब्दाचा दुसरा करण्यास किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, ते मोजावयाचे. इंग्रजी वळणाच्या नाईकापासून पोर्तुगीज वळणाच्या नाईकापर्यंत जाण्यास तीन बदल लागतात. आणि नाईकापासून केरळच्या ‘नायर’पर्यंत जाण्यास केवळ एक! गणित अचूक आहे, आणि तरीही त्याच्या हिशेबी आमचा नाईक स्वतःच्या आजोबांपेक्षा नायरांना अधिक जवळचा ठरतो.

ह्यावरून तंत्र निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. नुसत्या नावावर विसंबू नये, एवढाच त्याचा अर्थ. जन्मतारीख, आईचे नाव, वडिलांचे नाव, गाव अशा प्रत्येक गोष्टीला गुण द्यावे आणि बेरीज पाहावी. इव्हान फेलेगी आणि अॅलन संटर ह्या कॅनडातील दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ साली ह्या पद्धतीचे पक्के शास्त्र मांडले. त्यातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी निर्णय दोन ठेवले नाहीत, तीन ठेवले : ‘जुळते’, ‘जुळत नाही’, आणि ‘माणसाने पाहावे’. म्हणजे ज्या शास्त्रावर आजची यंत्रे नोंदी जुळवितात, त्या शास्त्रातच माणसासाठी एक जागा राखून ठेवलेली आहे. यंत्रणा उभारताना ती तिसरी जागा कोणी गाळली, तर दोष शास्त्राचा नाही.

रात्रीची साखळी

हे सर्व एकदा जमले, की ते रोज आपोआप चालावे अशी व्यवस्था करावयाची. ठरल्या वेळी काम सुरू करून देणारा ‘क्रॉन’ नावाचा पहारेकरी युनिक्स ह्या संगणकप्रणालीत १९७० च्या दशकापासून आहे. पहाटे दोन वाजता म्हटले, की दोनच वाजता. परंतु नुसती वेळ पाळून भागत नाही. कीर्द पुरी होण्यापूर्वी खतावणी सुरू झाली तर अर्धवट बेरजा निघतील. म्हणून अमुक काम संपल्याखेरीज तमुक सुरू करू नये, असा क्रम बांधून द्यावा लागतो. मध्येच वीज गेली (आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती जातेच), तर काम पुन्हा करावयाचे. पण पुन्हा करताना तीच पावती दोनदा खतावली जाता कामा नये. केव्हा काय झाले, किती नोंदी आल्या, किती गेल्या, किती अडल्या, ह्याची रोजनिशी यंत्राने लिहावयाची. माझा विद्यार्थी म्हणाला, “सर, साखळी बांधायला आठवडा लागतो. ती बिघडली हे वेळेवर कळावे, ह्याची सोय करण्यात वर्ष जाते.”

साखळी बिघडली नाही, बिनबोभाट चालत राहिली, तरीही अनर्थ होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण ह्या बाबतीत डोळे उघडणारे आहे. तेथील सरकारने २०१६ सालापासून प्राप्तिकर खात्याच्या नोंदी आणि गरजूंना पंधरवड्याला मिळणाऱ्या साहाय्याच्या नोंदी आपोआप ताडून पाहण्यास प्रारंभ केला. कर खात्याकडे उत्पन्न वर्षाचे. साहाय्य ठरे पंधरवड्याच्या कमाईवर. यंत्रणेने वर्षाच्या उत्पन्नाला २६ ने भागले आणि प्रत्येक पंधरवड्यात तितकीच कमाई झाली असे धरले. ज्याला सहा महिने काम होते आणि सहा महिने नव्हते, तो ह्या भागाकाराने लबाड ठरला, आणि त्याच्या नावे वसुलीची पत्रे निघाली. नोंदी जोडल्या गेल्या, दिवे हिरवे लागले. गृहीतकृत्यच खोटे होते. २०१९ साली हे बेकायदा असल्याचे न्यायालयात ठरले. २०२० साली सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे ७२ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर परत करण्याची घोषणा सरकारला करावी लागली, आणि २०२३ साली चौकशी आयोगाने त्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. जाणकारांचा देश, समृद्ध देश. पण न जुळणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्यास तेथेही वेळेवर कोणी नव्हते.

घरात काय करावे

आपल्या देशात पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली ह्या आदिवासी गावी दिले गेले. थेट लाभ खात्यात जमा करण्याची योजना १ जानेवारी २०१३ पासून सुरू झाली. तिने मधले हात कमी केले आणि कित्येक घरांना त्यांच्या हक्काचे पैसे चकरा न मारता मिळू लागले, हे कबूल केलेच पाहिजे. म्हणूनच तिच्या सांध्यांत आपले माणूस अडकू नये, ह्याची काळजी प्रत्येक घराने घ्यावी. मुलाला शाळेत घालतानाच जन्मदाखला आणि आधारपत्र ह्यांवरील रोमन अक्षरे एकेक करून ताडून पाहावी व शाळेतही तीच लिहवून घ्यावी. घरातील प्रत्येकाच्या नावाची जितकी रूपे कागदोपत्री आहेत, तितकी एका वहीत लिहून ठेवावी. खाती अनेक असल्यास ध्यानात ठेवावे, की आधार क्रमांकावरून येणारी रक्कम ज्या खात्याला तो क्रमांक सर्वांत शेवटी जोडला असेल त्यात जाते. पैसे आले नाहीत असे वाटते, तेव्हा कधी कधी ते विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. आणि लग्नानंतर नाव बदलावयाचे तर ते सर्वत्र बदलावे, नाहीतर कोठेच बदलू नये.

आमच्या शाळेत आता दर शनिवारी ही साखळी चालविली जाते. जुळलेल्या नोंदींकडे आम्ही फारसे पाहत नाही. न जुळलेल्या नोंदींची यादी मात्र छापून माझ्या टेबलावर येते. प्रत्येक नावापुढे कोणत्या शिक्षकाने ते पाहावयाचे, हे लिहिलेले असते, आणि यादी निकालात निघेपर्यंत ती टेबलावरून हलत नाही. तुये आणि कामुर्ली ह्यांच्यामध्ये शापोरा नदी आहे. लहानपणी फेरीबोटीने ती ओलांडताना मी पाहत असे : बोट सुटली आणि कोणी मागे राहिला, तर तो काठावर उभा दिसे; हात करी, हाक मारी, आणि खलाशी त्याला पाही. संगणकातील बोटीला काठ नसतो. मागे राहिलेला कोणालाच दिसत नाही. त्याला दिसेल असा काठ बांधणे, एवढेच आमच्या त्या कागदाचे काम आहे.

नातीची ती शिष्यवृत्ती मिळाली नाही. मुदत गेली ती गेली. ती आता दहावीत आहे, तिचे आडनाव सर्व कागदांवर एका वळणाने आले आहे, आणि ह्या वर्षीचा अर्ज अडला नाही. आजींना मी बोलावून घेतले आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. नको असे कोणीच म्हटले नव्हते. पण पाहिलेही कोणी नव्हते, आणि ज्यांनी पाहावयास हवे होते त्यांत पहिले नाव माझे होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कागद काढले, टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, की मग सर, आता हे एकदा वाचून पाहा. मी चष्मा लावला आणि एकेक अक्षर वाचून पाहिले.